घोंगड्या डोंगरावरची अर्धी गारगोटी

माझ्या पोटातल्या एका स्फटिकाचं टोक मोडलेलं आहे. सगळे स्फटिक आतल्या बाजूला तोंड करून उभे आहेत आणि बहुतेकांची टोकं शाबूत आहेत. कडेजवळचा हा एकच ज्वारीच्या दाण्याएवढा आखूड आहे. मोड सपाट आहे, थोडी तिरकी. उजेड एका बाजूनं आला तरच ती दिसते. मला हातात घेऊन फिरवणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांना ती दिसली, आणि ज्यांना दिसली त्यांनी तिला खोट म्हटलं. एका बाईनं मात्र तसं म्हटलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी गारगोटी आहे, आणि तीही अर्धी. बाहेरून मी काळपट आणि खडबडीत आहे, शेताच्या बांधावरच्या कुठल्याही दगडासारखी. आतून मात्र पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली आहे. आमच्याकडची सगळी जमीन लाव्हारसाची. तो रस थंड होत असताना त्यात वायूचा एक बुडबुडा अडकला. रस गोठला आणि बुडबुड्याची पोकळी राहिली. मग भेगांतून झिरपणारं पाणी त्या पोकळीत येत राहिलं आणि दर वेळी विरघळलेल्या गारगोटीचा अगदी पातळ थर मागे ठेवून गेलं. याला किती काळ लागला ते मला सांगता येणार नाही, कारण अंधारात काळ मोजता येत नाही. एवढं आठवतं, की तेव्हा मी अख्खी होते.

कन्नडच्या पुढे डोंगरांची रांग एकाएकी तुटते आणि जमीन खाली खानदेशात उतरते. त्या तुटीच्या अगदी काठावर घोंगड्या डोंगर उभा आहे. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर धुकं असं बसतं, जणू कुणी म्हाताऱ्यानं घोंगडी पांघरली आहे. त्याच्यावर किल्ला नाही, लेणं नाही, पायऱ्या नाहीत, म्हणून तो कुणाला माहीत नाही. पायथ्याला धनगरांची एक वाडी आहे. वाडीच्या वर, जिथून चढ सुरू होतो, तिथं हिवराचं झाड आणि झाडाखाली दगडांचा ओटा आहे. माझी गोष्ट त्या ओट्यावर सुरू झाली.

वाडीची एक रीत होती. प्रत्येक मेंढक्याकडे पोकळ गारगोटीची एक जोड असे. गारगोटी फोडून तिचे दोन भाग करायचे. डोंगर चढताना एक भाग खिशात घ्यायचा. त्याला चढी म्हणत. दुसरा ओट्यावर ठेवायचा, ती बैठी. माणूस खाली आला की दोन्ही भाग जुळवायचे, लोकरीच्या दोरीनं बांधायचे आणि घरी कोनाड्यात नेऊन ठेवायचे. गारगोटीची मोड अशी असते, की एकीची बैठी दुसरीच्या चढीला कधीच बसत नाही. संध्याकाळी ओट्यावर एकटी बैठी दिसली, की कोण वर राहिलं ते सगळ्या वाडीला समजे. रझाकारांच्या धामधुमीत माणसं लपायला वर जात, तेव्हापासून ही रीत जास्तच कडक झाली होती.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन पावसाळे गेले होते. विहीर खणताना आप्पा नावाच्या मेंढक्याला मी सापडले. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि कुऱ्हाडीच्या माथ्यानं सावकाश, फिरवत फिरवत ठोकलं. मी दुभंगले. पहिल्यांदाच माझ्यात उजेड आला. त्याच क्षणी माझ्या त्या स्फटिकाचं टोक मोडलं आणि दुसऱ्या भागातल्या स्फटिकांच्या चिमटीत अडकून राहिलं. माझा एवढासा तुकडा त्या दुसऱ्या अर्ध्या गारगोटीकडे राहिला. पुढे जे झालं त्यात मला याचाच आधार वाटत आला.

आप्पानं आपल्या थोरल्याला, मल्हारीला, बोलावलं. मल्हारीला नुकतीच मिसरूड फुटली होती.

"ही चढी तुझी," आप्पा म्हणाला. "ही बैठी ओट्यावर. सांज झाली तरी ज्याची बैठी एकटी हाय, त्याची वाट दुसऱ्यानं मोडू नये. त्यो खाली येईस्तवर वर कुनी जायाचं नाय, हुडकायला गेलं तरच."

"आन् कुनी आलाच नाय तर?"

"तर त्याच्या घरच्यानं बैठी हातात घ्यायची, नाव घ्यायचं आन् मोठ्यानं म्हनायचं, अमका वरच ऱ्हायला, वाट मोकळी करा. मग बैठी बी वर नेऊन ठिवायची. घरचं मानूस म्हनत नाय तवर वाट बंद."

"आन् चढीच हरवली तर?"

"तर तू बी हरवलास म्हनून समज," आप्पा म्हणाला आणि हसला. मल्हारीही हसला.

ते माझे चांगले दिवस होते. मल्हारीच्या कोपरीच्या, म्हणजे बंडीच्या, खिशात बसून मी किती वेळा घोंगड्या चढले, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. आधी सागाची चढण, मग करवंदीच्या जाळ्या, मग उघडा कातळ. त्यावर पाऊल टाकलं की खालून पोकळ आवाज येई. कातळानंतर खिंड. खिंडीत वारा नेहमी एकाच बाजूनं, खानदेशाकडून येई. शेवटी गुडघाभर गवताचा उतार आणि माथा. माथ्यावर शेंदूर लावलेला बिरोबाचा तांदळा, म्हणजे मूर्तीऐवजी पुजायचा दगड, त्याच्याजवळ खडकात पाण्याचा एक खळगा आणि पलीकडे काहीच नाही. तिथं जमीन संपत होती. मल्हारी पाणी प्यायचा, मग मला खिशातून काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि नुसता बसायचा. मेंढरं नसली तरी तो वर जाई. वाडीत त्याची थट्टा होई.

"मेंढरं खाली आन् मेंढका वर," त्याचा धाकटा भाऊ बन्सी म्हणायचा. "दादा, तुला चरायला सोडायचं का मेंढरांला?"

मल्हारीचं लग्न झालं. नवरीचं नाव सुगंधाबाई. उंबऱ्यावर बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं, तेव्हा तिनं एकदाच, उखाण्यात लपवून, नवऱ्याचं नाव घेतलं. त्यानंतर कधी नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ती 'आवं' म्हणायची किंवा 'घरधनी'. संध्याकाळी ती ओट्यापाशी येऊन उभी राहायची. आम्ही उतरलो की जोड तीच जुळवायची. जुळताना एक बारीक 'टक्' असा आवाज होई. ते माझं टोक आपल्या जागी बसल्याचा आवाज.

"डोंगराशीच लगीन लावायचं व्हतं," ती म्हणायची. "मला कशापायी आनली?"

"जोड बांधायला," मल्हारी म्हणायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. डोंगर पांढरा पडला, खळगा आटला. मेंढरं मेली, काही मिळेल त्या भावानं विकली गेली. पुढच्या साली पाऊस मात्र असा झाला, की घोंगड्याच्या अंगावरून धुकं उठेचना. मल्हारीकडे थोडीच मेंढरं उरली होती. त्यात भुरी नावाची मेंढी होती, गळ्यात पितळी घंटा बांधलेली. श्रावणातल्या एका सकाळी भुरी कळपात नव्हती. दुष्काळातून वाचलेली मेंढी हरवणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

मल्हारीनं मला कोपरीच्या खिशात टाकलं. खिशाची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती.

"थांबा की. दोन टाके घालते," सुगंधाबाई म्हणाली.

"आल्यावर शिव," मल्हारी म्हणाला. त्यानं बैठी ओट्यावर ठेवली आणि तो चढू लागला.

मित्रांनो, धुक्यातलं चालणं वेगळं असतं. उजेड असतो, पण तो कुठल्याच बाजूनं येत नाही. हातभर पलीकडचं झाड जवळ येईपर्यंत माणसासारखं दिसतं. खिंडीत पोचलो तेव्हा घंटा ऐकू आली. माथ्यावर आणखी जवळ. मल्हारीला तहान लागली होती. तो खळग्यावर वाकला आणि मी उसवलेल्या कोपऱ्यातून निसटले. चिखलात पडले, स्फटिकांची बाजू खाली. आवाज झाला नाही. तो उठला. खिसा हलका झाल्याचं त्याला कळलं नाही.

घंटा उत्तरेला सरकत होती. "ये भुरे, ये गं, ये, ये," मल्हारी हाका मारत गेला. हाक लांब गेली. मग दगड घरंगळल्याचा आवाज झाला. तो आवाज मला ओळखता येतो. त्यानंतर काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं सांगणं बरोबर नाही. हाक पुन्हा आली नाही, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी बन्सी आणि वाडीतली माणसं दोर घेऊन आली. त्यांनी कड्यावरून हाका मारल्या. खाली रान आणि पुराचा ओढा होता. त्यांनी मलाही शोधलं, कारण चढी माथ्यावर सापडली असती तर निदान काही ठरवता आलं असतं. बन्सीचा पाय माझ्यावर पडला. त्याच्या वहाणेचा खिळा माझ्या पाठीला लागला. त्यानं खाली पाहिलंही. पण पाठीकडून मी कुठल्याही दगडासारखी दिसते हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. माझी ओळख सगळी आत होती, आणि माझं तोंड चिखलात होतं.

भुरी मात्र चार-सहा दिवसांनी एकटीच वाडीत परत आली. हे मला फार पुढे कळलं. तिच्या येण्यानं सुगंधाबाईचा जीव अडकून राहिला. मेंढी आली, मग माणूसही येईल, असं ती म्हणाली. पंचांनी विचारलं, बन्सीनं विचारलं, तरी तिनं बैठी हातात घेतली नाही. त्यामुळे वाट बंद झाली.

मग माथ्यावर कुणीच आलं नाही. पाऊलवाटेवर गवत आलं, गवतावर झुडपं आली. बिरोबाचा शेंदूर खपल्या होऊन गळाला. उन्हाळ्यात माझी पाठ तापायची आणि रात्री गार व्हायची. तापणं आणि निवणं यातून माझ्यात एक केसाएवढी चीर गेली. मला एकटेपणाची भीती वाटत नव्हती. त्याआधी मी फार काळ एकटी होते. भीती वाटायची ती घंटेची.

होय, घंटा. पावसाळ्यात डोंगर घोंगडी पांघरायचा आणि त्या पांढऱ्या अंधारात घंटा ऐकू यायची. बारीक, लांबून. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. कधी तो कड्याखालून आल्यासारखा वाटे, कधी माझ्या शेजारून. पहिल्यांदा मला वाटलं, भुरी आली. पण चरणाऱ्या मेंढीची घंटा कशीही वाजते. ती मान हलवेल तशी. ही सारख्या अंतरानं वाजायची. एक ठोका, थांबा. एक ठोका, थांबा. जणू कुणी श्वास मोजत आहे. धुकं विरलं की ती बंद व्हायची. दर पावसाळ्यात असंच. तिला उत्तर देणारं माथ्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि दगडाला उत्तर देता येत नाही.

एका हिवाळ्यात साळिंदरानं मुळं उकरताना मला उलटी केली. कित्येक वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. थोड्याच दिवसांनी बुटांचा आवाज आला.

तो बद्रीनाथ होता. घर गंगापूरकडचं, उसाची शेती भावाकडे; तो स्वतः शहरात सरकारी कचेरीत नोकरीला. सुट्टी मिळाली की आडबाजूचे डोंगर चढायचे, हा त्याचा छंद. तो वाडीवरून आला नव्हता. खानदेशाकडच्या घळीतून, जाळ्या तोडत, त्याच्या कचेरीतल्या रामकिसन नावाच्या सोबत्याला घेऊन वर आला होता. त्यामुळे ओटा त्यानं पाहिला नाही आणि वाट बंद असल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही.

"अबे रामकिसन, इकडं ये! बघ काय गावलंय!"

"ठिव खाली, बद्री. देवापाशी पडलेली वस्तू हाय."

"देवाकडं कुठं शोकेस हाय?" बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं मला रुमालात गुंडाळलं.

अशी मी शहरात, गारखेड्यातल्या एका घरात, काचेच्या कपाटात आले. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की बद्रीनाथ मला बाहेर काढी, खिडकीशी धरी आणि बुडबुड्याची, पाण्याची, स्फटिकांची गोष्ट सांगे. ती तो बरोबर सांगायचा. "एका ठिकाणी जरा खोट हाय," असंही म्हणायचा. मग हळूहळू माझ्यापुढे एक बाहुली आली, कपबश्या आल्या, धूळ आली. कौतुक असंच असतं. मी तक्रार करत नाही. पण मित्रांनो, एक सांगते. डोंगरावरचा दगड तुम्हाला आवडला तर उचला, उजेडात धरून पाहा, आणि होता तसा, होता तिथंच ठेवा. तो कशासाठी तिथं आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

बद्रीनाथची बायको चतुराबाई. ती कपाट पुसायची. पावसाळ्यात माझ्या मोडक्या टोकावर एक थेंब जमायचा.

"आवं, ह्या दगडाला घाम येतो."

"हवेतली वाफ हाय ती. गार वस्तूवर बसते."

"मग शेजारच्या बाहुलीवर का बसत नाय?"

बद्रीनाथ हसायचा. माझं मत त्याच्या बाजूचं आहे. ती वाफच असावी. पण थेंब जमला की कपाटाच्या बंद काचेआड मला ती घंटा आठवायची, सारख्या अंतरानं वाजणारी. चतुराबाई फडक्याचा हात थांबवून माझ्याकडे पाहत राही. तिनं मला मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "कुनी तरी बघतंय असं वाटतं," ती म्हणाली.

मग एका रविवारी बद्रीनाथ लवकर परत आला. बूट न काढता खुर्चीवर बसला. चतुराबाईनं पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"घोंगड्याला गेलो होतो," तो म्हणाला. "या वेळी वाडीकडून. चढायला लागलो तर एका बाईनं अडवलं. म्हणे वाट बंद हाय, आमचे घरधनी वर हायत. विचारलं कधी गेलेत, तर म्हणे दुष्काळाच्या दुसऱ्या साली."

चतुराबाई त्याच्यासमोर बसली.

"तिनं चढी-बैठीची रीत सांगितली. ओट्यावर तिनं अर्धी गारगोटी ठेवलीय. मी जवळून बघितली. आतल्या स्फटिकांत एक टोक अडकलंय. आपल्या दगडाचं."

चतुराबाईनं कपाट उघडलं, मला भिंतीकडून फिरवलं आणि मोडीवर बोट ठेवलं.

"तुम्ही सांगितलं तिला?"

"कसं सांगू? ही चढी माथ्यावर सापडली म्हटलं की तो मेला असा अर्थ होतो. ती कपाळभर कुंकू लावून बसलीय. मी कोण सांगणारा?"

"आन् न सांगनारे तुम्ही कोन?" चतुराबाई म्हणाली. "बाईचं कुंकू शोकेसात ठिवून पाव्हन्यांला दाखवलं व्हय आपन?"

बद्रीनाथनं मला खणात ठेवलं. नंतर बघू म्हणाला. त्यानंतर दिवाळी झाली, संक्रांत झाली, उन्हाळा गेला. दर खेपेला चतुराबाई विचारायची आणि दर खेपेला त्याचं काहीतरी काम निघायचं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त ते वाक्य बोलवत नव्हतं. खणातल्या काळोखात मी पुन्हा काळ मोजायचा सोडून दिला.

पावसाळा लागला. एक दिवस चतुराबाईनं खण उघडला. माझ्यावर थेंब होता. तिनं तो पुसला नाही. मला फडक्यात बांधलं, पिशवीत घातलं आणि पायात वहाणा घातल्या.

"मी निघाले. तुम्ही येता का, ते तुमचं तुम्ही ठरवा."

बद्रीनाथ मागून आला. एस.टी.नं कन्नड, तिथून जीपनं फाटा, तिथून पायी. बाहेर धुकं असल्याचं मला फडक्यातूनही कळलं, कारण लांबून घंटा वाजत होती. एक ठोका, थांबा. एक ठोका, थांबा.

मित्रांनो, दगडाला शहारे येत नाहीत. तरी सांगते, माझ्यातली ती केसाएवढी चीर तेव्हा मला जाणवली.

हिवराच्या फांदीला भुरीची घंटा टांगलेली होती आणि तिची दोरी सुगंधाबाईच्या हातात होती. भुरी म्हातारी होऊन मेली, तेव्हापासून तिची घंटा तिथं होती. धुकं पडलं की सुगंधाबाई दोरी धरून बसायची. वरच्या माणसाला खालची दिशा कळावी म्हणून. इतकी वर्षं मी जिला भ्याले ती एक बाई होती, आणि ती मलाच बोलावत होती.

ओट्याच्या पलीकडे बन्सी उभा होता, मेंढरं घेऊन. त्याचीही मिशी आता पांढरी झाली होती. खाली पेरण्या झाल्या होत्या, चरायला जागा उरली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तो मेंढरं घेऊन लांब निघणार होता. वर डोंगरावर गुडघाभर गवत असताना. त्याचं वहिनीशी नुकतंच भांडण होऊन गेलं असावं. मागच्या वर्षी वाटेवर पाहिलेल्या बद्रीनाथला त्यानं ओळखलं.

"आले का सायेब? सांगितलं व्हतं ना, वाट बंद हाय. आमची मेंढरं इथं उपाशी मरत्यात, तुमच्या बुटाला कुठून सोडावं? इचारा आमच्या वैनीला. ती डोंगराची पाटलीन हाय."

"बोल, बोल," सुगंधाबाई दोरी न सोडता म्हणाली. "तू बोललास की घंटा जास्त लांब जाती."

चतुराबाई ओट्यापाशी बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"बाई, आम्ही चढायला नाय आलो. तुमची वस्तू आमच्या घरात राहिली होती. ती द्यायला आलो."

तिनं फडक्याची गाठ सोडली. सुगंधाबाईच्या हातातली दोरी थांबली. तिनं मला उचललं. आधी पाहिलंच नाही. अंगठा आत घातला आणि एकेका स्फटिकावरून फिरवत आणला, ओळखीच्या घरातून अंधारात चालावं तसा. मोडलेल्या टोकावर अंगठा आला आणि तिथंच राहिला. बराच वेळ तिथंच राहिला.

"माझ्याकडून उचलली गेली," बद्रीनाथ म्हणाला. "मला माहीत नव्हतं. कळल्यावरही मी वर्ष घालवलं. माफी मागतो, बाई."

"उचलली म्हनून तर आली," सुगंधाबाई म्हणाली. "कुठं व्हती?"

"माथ्यावर. बिरोबाजवळ, पाण्याच्या खळग्यापाशी."

"खळग्यापाशी," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "पानी प्यायला वाकले असतील. खिसा उसवला व्हता. मी म्हनलं व्हतं, दोन टाके घालते. म्हनले, आल्यावर शिव."

बन्सी जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली होती. सुगंधाबाईनं ओट्यावरची बैठी उचलली. तिच्यावर शेवाळ आलं होतं, पण आतला भाग स्वच्छ होता; तो रोज पुसला जात असावा. तिनं आम्हा दोघींना समोरासमोर धरलं, थोडं फिरवलं आणि जुळवलं.

टक्.

माझं टोक त्याच्या जागी बसलं. आमच्या आत पुन्हा अंधार झाला. पूर्वीसारखाच होता, पण आता त्यात धुक्याचं थोडं पाणी अडकलं होतं.

सुगंधाबाईनं दोरी बांधली नाही. दोरी माणूस खाली आल्यावर बांधायची असते. ती उठली. बन्सीला सगळं समजलं. इतकी वर्षं जे तो तिच्याकडे मागत होता, ते आता ती देणार होती, आणि तेच त्याला नको झालं.

"वैनी, ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आज नको. मेंढरं नेतो मी खाली. ऱ्हाऊ दे की गं."

"कवर?" ती म्हणाली.

वाऱ्यानं घंटेचा लोलक एकदा हलला. तिनं हात वर करून तो धरला आणि सगळं शांत झालं. मग आम्हाला छातीशी घेऊन ती डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. डोंगर दिसत नव्हता. तिनं पदर डोक्यावर घेतला, श्वास घेतला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, लग्नानंतर दुसऱ्यांदा, नवऱ्याचं नाव घेतलं.

"मल्हारी वरच ऱ्हायला. वाट मोकळी करा."